हरलो म्हण!

मे महिन्याच्या सुट्टीत संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी रात्रीची जेवणं उरकली, की आत्या पडवीत यायची. लुगड्याला हात पुसत खांबाला टेकून बसायची. मुंबईहून आलेली आम्ही चार-पाच पोरं तिच्याभोवती गोळा व्हायचो. दिवे बहुतेक गेलेले असायचे. अंगणात कुठेतरी पिकल्या बरक्या फणसाचा वास सुटलेला असायचा. मग ती घसा साफ करून एकेक हुमाण काढायची.

"पाट देते बसायला, दात मात्र डोक्याला. सांगा काय?"

"कोंबडा!" मी घाईघाईने ओरडलो. डोक्यावर दातेरी तुरा, म्हणजे कोंबडाच.

"कोंबडा बसायला पाट देतो होय रे?"

"फणी?"

"फणीवर बसून दाखव."

सगळे हसले. मी हट्टाला पेटलो. शिडी, करवत, खाट, हत्ती, जे सुचेल ते सांगत सुटलो. आत्या शांतपणे सुपारी कातरत राहिली. शेवटी म्हणाली, "हरलास म्हण, मग सांगते."

हा तिचा नियम होता. "सांग ना" म्हटलेलं चालायचं नाही, "माहीत नाही" म्हटलेलंही नाही. स्पष्ट शब्दांत, सगळ्यांना ऐकू जाईल असं "हरलो" म्हणायचं, तरच उत्तर. मी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तग धरला आणि न्याहारीच्या वेळी पुटपुटलो, "हरलो." तिने बोट केलं ते स्वयंपाकघरातल्या विळीकडे. खाली बसायचा पाट, वर पात्याच्या टोकाला खवणीचे दाते. आदल्या संध्याकाळी माझ्यासमोरच तिने तिच्यावर बसून नारळ खवला होता.

हरल्याचं वाईट वाटलंच. पण त्याहून मोठं आश्चर्य वाटलं. जी वस्तू रोज पाहत होतो, ती मी कधी पाहिलीच नव्हती.

*

आपल्या भाषेत कोड्याची क्रियापदं मजेशीर आहेत. कोडं आपण 'घालतो'. कुणाला जेवायला घालावं तसं, किंवा वाटेत अडसर घालावा तसंही. ऐकणाऱ्याला ते 'पडतं'. आणि शेवटी ते 'सुटतं' किंवा 'उलगडतं', म्हणजे गाठ सुटावी, घडी उलगडावी तसं. 'मी कोडं सोडवलं' असंही म्हणतात, पण बोलताना 'सुटलं एकदाचं!' हेच तोंडी येतं. जणू माणूस नुसता गाठीशी बसून होता आणि गाठीने आपणहून कृपा केली.

नावंही प्रदेशागणिक वेगळी. कोकणात हुमाण, गोव्यातल्या कोंकणीतही त्याच्याच जवळचा शब्द. विदर्भाकडे आहणा, पोथ्यांत कूट. आणि उखाणा. आज उखाणा म्हटलं की लग्नातलं नाव घेणं आठवतं. पण कोडं हाही त्या शब्दाचा जुना अर्थ आहे, आणि दोन्ही अर्थ एकाच घरातले आहेत. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही असा दंडक. पण सगळ्या बायका दाराशी अडवून उभ्या, नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाहीत. घ्यायचं नाही आणि घेतल्यावाचून सुटका नाही. या पेचातून काढलेली वाट म्हणजे दोन ओळींत नाव लपवणं. गंमत म्हणजे इथे उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. तरी पहिल्या ओळीपासून सगळ्यांचे कान त्या एका शब्दाकडे लागलेले असतात. कोड्यातली निम्मी मजा उत्तराची नसते, उत्तराची वाट पाहण्याची असते, हे नाव घेणाऱ्या नवरीला कुणी शिकवावं लागत नाही.

वाट पाहायला मात्र दोन माणसं लागतात. एक उत्तर धरून ठेवणारं, दुसरं त्यासाठी आसुसलेलं. त्या दोघांमध्ये एक अलिखित करार असतो, आणि तो मला आत्यानेच शिकवला. एकदा माझ्या चुलतभावाने तिला उलट कोडं घातलं: "लाल आहे, गोल आहे, आमच्या मुंबईच्या घरात आहे. काय?" आत्या हरली म्हणाली. त्याने विजयी मुद्रेने सांगितलं, "माझा नवा चेंडू!" आत्या उखडली. "तुझं मुंबईचं घर मी बघितलंय कुठे? उत्तर कोड्याच्या पोटात पाहिजे. बाहेरून आणून ठेवलं तर ती लबाडी."

करार असा: घालणाऱ्याने उत्तर दडवावं, पण खोटं बोलू नये, उत्तराकडे जाणारी वाट कोड्यातच ठेवावी. आणि सोडवणाऱ्याने, नाहीच जमलं तर, मोकळेपणी हरलो म्हणावं. पहिलं कलम पाळणं अवघड. दुसरं त्याहून अवघड.

*

या करारावर अख्खी रात्र कशी उभी राहते ते पाहायचं असेल तर शक्ती-तुऱ्याच्या सामन्याला जावं. गौरी-गणपतीत कोकणातल्या वाड्यावाड्यांतून या सामन्यांची जाखडी रंगते. मुंबईत तिलाच बाल्या डान्स म्हणायची पद्धत पडली. मध्ये ढोलकी, झांज आणि गाणारे शाहीर. भोवती पायात चाळ बांधून गोल धरणारी पोरं. परळच्या दामोदर नाट्यगृहात चाकरमान्यांनी या सामन्यांना वर्षानुवर्षं गर्दी केली. गावातल्या दोन वाड्यांचं वैर आणि प्रेम दोन्ही एसटीने मुंबईत यायचं आणि तिथे तिकीट काढून बसायचं.

देशावर याचंच नातं कलगी-तुऱ्याशी, भेदिक शाहिरीशी. कलगीवाले म्हणजे शक्तीचा पक्ष: प्रकृती, माया, जगाची आई. तुरेवाले शिवाचे: पुरुष, ब्रह्म. एका बाजूने सवाल टाकायचा, दुसरीने तिथल्या तिथे, चालीत, जवाब द्यायचा. ज्यात भेद लपवला आहे ते भेदिक. साताऱ्याकडच्या पुसेसावळीचे शाहीर हैबती याच भेदिकासाठी नावाजले गेले. तमाशाच्या फडात हा प्रकार सवाल-जवाब म्हणून आला, आणि १९६४ साली अनंत माने यांच्या 'सवाल माझा ऐका!' या चित्रपटाने तो ज्यांनी कधी फड पाहिला नव्हता अशांच्याही घरात नेला.

भांडण मुळात एकाच प्रश्नाचं आहे: आधी कोण, शिव की शक्ती? शक्तीवाला म्हणणार, 'शिव' या शब्दातला इकार काढून बघ, उरतं ते 'शव'. तो इकार म्हणजेच आमची शक्ती. तिच्यावाचून तुझा देव मढं. तुरेवाला म्हणणार, इकार बसवायला आधी अक्षर लागतं की नाही? नुसता इकार हवेत लोंबकळेल का? हा वाद न संपणारा आहे, आणि तो संपू नये अशीच त्याची रचना आहे. कोंबडी आधी की अंडं आधी, हे इथे दर्शनाच्या पातळीवर, ढोलकीच्या ठेक्यावर खेळलं जातं. एका रात्री शक्तीचा शाहीर जिंकतो, दुसऱ्या रात्री तुऱ्याचा. शिव आणि शक्ती दोघंही जागच्या जागी.

पण त्या मोठ्या, न सुटणाऱ्या प्रश्नाच्या पोटात रात्रभर शेकडो सुटणारे प्रश्न येतात: पुराणातले, नात्यागोत्यातले, आकड्यांचे, शब्दांच्या फोडीचे. इथे आत्याचाच नियम अधिक कडकपणे लागू होतो. ज्याने सवाल टाकला त्याच्याकडे जवाब हवा, आणि जवाबाला ग्रंथाचा आधार हवा. कोणता ग्रंथ, कोणता अध्याय, असं समोरचा भर सभेत विचारू शकतो. म्हणून शाहिरांची बाडं जपून ठेवलेली असतात आणि वस्तादाकडून शागिर्दाकडे जातात. गोदीत नोकरी करून निवृत्त झालेल्या एका तुरेवाल्या शाहिरांशी मी बोललो, तेव्हा सवाल जुळवण्यापेक्षा त्याचा आधार शोधण्यातच आपलं आयुष्य गेलं, असं त्यांच्या बोलण्यातून वारंवार येत होतं. आधार नसलेला सवाल टाकणं त्यांच्या लेखी हरण्यापेक्षा वाईट.

आणि हरणाऱ्याचं काय? पूर्वी हरलेल्या फडाने आपला डफ किंवा निशाण जिंकणाऱ्याच्या हवाली करायचं, अशा आठवणी जुनी माणसं सांगतात. आता तसं काही होत नाही. पण जवाब आला नाही की नाट्यगृहात क्षणभर शांतता पसरते. मग एका बाजूने शिट्ट्या उठतात आणि शाहीर मान झुकवून पुढचं पद धरतो. ती झुकलेली मान म्हणजे चारचौघांत म्हटलेलं 'हरलो'. थोड्या वेळाने हेच दोघं विंगेत एका बाकावर बसून चहा पिताना दिसतात.

*

'चांदोबा' वाचत वाढलेल्या पिढीला विक्रम आणि वेताळ वेगळे सांगायला नकोत. खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चाललेला राजा आणि त्या प्रेतातला, गोष्ट सांगून प्रश्न विचारणारा वेताळ. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त या कथा गुंफल्या, आणि त्या मराठीत वेताळपंचविशी होऊन घरोघरी पोचल्या. लहानपणी आपल्याला त्यातली भीती आठवते. मोठेपणी त्यातली अट. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर तुझ्या डोक्याची शकलं होतील. आणि बोललास तर मी परत झाडावर.

राजा हुशार आहे, म्हणून अडकला आहे. प्रत्येक बरोबर उत्तरागणिक त्याची खेप वाया जाते.

सुटका होते ती शेवटच्या गोष्टीत. एक राजा आणि त्याचा मुलगा रानात दोन बायकांच्या पावलांचे ठसे पाहतात आणि ठरवतात: मोठ्या पावलांची बापाला, लहान पावलांची मुलाला. गाठ पडते तेव्हा कळतं, मोठी पावलं मुलीची आहेत आणि लहान आईची. पण शब्द दिलेला. बापाचं लग्न मुलीशी होतं, मुलाचं तिच्या आईशी. वेताळ विचारतो, यांना जी मुलं होतील त्यांचं एकमेकांशी नातं काय?

विक्रम विचार करतो. काका म्हणावं तर भाचा, भाचा म्हणावं तर आणखी काही. त्याला उत्तर सापडत नाही आणि तो गप्प चालत राहतो. त्या गप्प राहण्यावर वेताळ प्रसन्न होतो, आणि ज्या कपटी भिक्षूसाठी राजा हे प्रेत वाहतो आहे, त्याच्यापासून जीव कसा वाचवायचा तेही सांगतो. एवढ्या बरोबर उत्तरांनी जे मिळालं नाही, ते एका प्रामाणिक 'माहीत नाही'ने मिळालं.

आपल्या संतांनी तर उत्तराचा हा हट्टच मोडून काढला. मुक्ताबाईंची मुंगी आकाशात उडते आणि सूर्याला गिळते. ज्ञानदेवांच्या नावावरच्या एका अभंगात काट्याच्या टोकावर तीन गावं वसतात. त्यातली दोन उजाड आणि तिसरं वसलेलंच नाही. मग त्या न वसलेल्या गावात कुंभार येतात, आणि गोष्ट अशीच पुढे सरकत राहते, प्रत्येक पायरी आधीच्या पायरीखालची जमीन काढून घेत. कीर्तनकार याचे त्रिगुणांपासून देहापर्यंत नाना अर्थ लावतात. पण अर्थ लावण्याआधीचा जो क्षण असतो, डोकं थांबतं आणि हसू फुटतं तो, तो तोडीस तोड महत्त्वाचा. तिथे संतसुद्धा श्रोत्याला सांगत असतात: हरलो म्हण, मग पुढे जाऊ.

*

हे म्हणणं किती कठीण जातं याचं एक ठळक उदाहरण अमेरिकेत घडलं. १९९० च्या सप्टेंबरमध्ये 'परेड' या साप्ताहिकात मेरिलिन व्होस सॅव्हंट यांनी आपल्या सदरात वाचकाच्या एका कोड्याला उत्तर दिलं. तीन दारं. एकामागे मोटारगाडी, दोहोंमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडलंत. कशामागे काय आहे हे ठाऊक असलेला सूत्रधार उरलेल्या दोनांतलं बकरीचं दार उघडतो आणि विचारतो, निवड बदलायची आहे का? मेरिलिन म्हणाल्या, जरूर बदला. जिंकण्याची शक्यता दुप्पट होईल.

त्यांच्याकडे सुमारे दहा हजार पत्रं आली. जवळजवळ हजार पत्रं डॉक्टरेट मिळवलेल्यांची होती. बहुतेकांचं म्हणणं एकच: बाई चुकल्या. दोन दारं उरली, म्हणजे निम्मी-निम्मी शक्यता. यात बदलायचं काय? काहींची भाषा तर पडवीतल्या पोरांनीही वापरली नसती.

बाई बरोबर होत्या. गेल्या दिवाळीत आमच्या घरी यावरून जुंपली, तेव्हा मी तीन वाट्या पालथ्या घातल्या आणि एकीखाली काजूकतली ठेवली. पहिल्या फटक्यात बरोबर वाटी धरण्याची शक्यता तीनात एक. म्हणजे तीनपैकी दोन वेळा हात चुकीच्या वाटीवर असतो. आणि तो चुकीच्या वाटीवर असला, की सूत्रधाराला दुसरी रिकामी वाटी उचलण्यावाचून पर्यायच नसतो. मग काजूकतली उरलेल्या वाटीखाली असणारच. तरीही पटत नसेल तर शंभर वाट्या मांडून बघा. तुम्ही एकीवर बोट ठेवलंत. मी अठ्ठ्याण्णव रिकाम्या उचलल्या आणि एकच झाकून ठेवली. आता तुम्ही आपल्या जुन्याच वाटीला चिकटून राहाल?

माझा पुतण्या, निम्मी-निम्मीवाला, तीसेक डाव खेळला. निवड न बदलता बहुतेक हरला. पण तोंडाने काही म्हणाला नाही, फक्त पुढच्या डावापासून गुपचूप बदलायला लागला. हेही हरलो म्हणणंच. फक्त आत्याला चाललं नसतं.

पुतण्याला हसण्यात अर्थ नाही. विसाव्या शतकातला अफाट गणिती पॉल एर्डॉश यानेही हे उत्तर मानलं नव्हतं. त्याचा मित्र अँड्र्यू वाझोनी याने लिहून ठेवलंय, की तर्काने समजावणं फुकट गेलं. संगणकावर हाच खेळ पुन्हा पुन्हा खेळून दाखवला, तेव्हा एर्डॉशने मान्य केलं. तरी कारण मनाला भिडलं नाही म्हणून तो नाखूषच होता. मला एर्डॉशची ही नाखुषी आवडते. हरलो म्हणाला, पण उत्तरावर समाधान मानलं नाही.

गोष्टीला आणखी एक पदर आहे. हे कोडं ज्याच्या नावाने ओळखलं जातं, तो टीव्हीवरच्या खेळाचा सूत्रधार माँटी हॉल याच्या घरी १९९१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'चा बातमीदार हाच खेळ खेळायला गेला. हॉलने त्याला दाखवून दिलं, की दार उघडून निवड बदलायची संधी दर वेळी द्यायचं बंधन सूत्रधारावर नसेल, तर सगळं गणित उलटतं. तुम्ही बरोबर दार धरलं असेल तेव्हाच तो संधी देईल, आणि बदलणारा दर वेळी फसेल. म्हणजे 'दार दर वेळी उघडेन' हे वचन कोड्यात असलं तरच बाईंचं उत्तर उभं राहतं. घालणाऱ्याने नियम पुरते सांगितले का? उत्तर कोड्याच्या पोटात आहे का? संगमेश्वरच्या पडवीतली तक्रार आणि ही, एकच.

*

नाशिकजवळच्या देवळालीत एक शाळामास्तर होते, द. रा. काप्रेकर. १९०५ साली डहाणूला जन्म, फर्ग्युसनमध्ये शिक्षण, आणि १९३० ते १९६२ देवळालीत शिक्षकी. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. आकड्यांशी खेळणं एवढाच नाद. लोकलच्या प्रवाशांसाठी गंमत म्हणजे त्यांनी शोधलेल्या एका प्रकारच्या संख्यांचं 'डेम्लो' हे नाव एका स्टेशनावरून आलं आहे. तेच आजचं डोंबिवली.

१९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ हा आकडा लोकांपुढे ठेवला. कृती अशी, की तिसरीतला मुलगाही करेल. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. येईल त्याचं पुन्हा तेच. काप्रेकरांचं जन्मसालच घेऊ. १९०५ चे होतात ९५१० आणि ०१५९, वजाबाकी ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. मग कितीही करा, ६१७४ च येत राहतं. सात पायऱ्या, याहून जास्त कोणत्याही संख्येला लागत नाहीत. त्यांच्या निधनाचं साल १९८६. तेही करून पाहा. पहिल्याच पायरीला ८१७२ येतं, आणि तिथून पुढची वाट जन्मसालाचीच.

याचा उपयोग काय, असं अनेकांनी विचारलं. इथल्या काही गणितज्ञांनी ते क्षुल्लक ठरवलं. काप्रेकर मात्र शाळा-कॉलेजांतून बोलत राहिले, पुस्तिका काढत राहिले, आकडे वाटत राहिले. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि देवळालीचे मास्तर जगाला कळले. गार्डनरही त्याच जातीचा. पंचवीसेक वर्षं तो दर महिन्याला वाचकांना कोडी घालत आला, आणि वाचकांनी त्याच्याहून चांगलं उत्तर काढलं की ते आनंदाने छापत आला.

काप्रेकरांच्या कोड्यात मला विशेष वाटतं ते हे, की इथे घालणाऱ्याच्या मुठीत काही लपलेलं नाही. संख्या तुम्ही निवडता, वजाबाकी तुम्ही करता. ६१७४ तुमच्याच कागदावर उगवतं. आणि मग 'असं का?' हा प्रश्न घालणारा आणि सोडवणारा दोघांनाही एकदमच पडतो.

*

आत्या आता नव्वदीला टेकली आहे. ऐकू कमी येतं, हुमाणं सगळी पाठ आहेत. पस्तीस वर्षांपूर्वी, मी कॉलेजात असताना, तिने मला एक घातलं होतं आणि मी आजवर हरलो म्हटलं नव्हतं. विळीने धडा दिला होता, म्हणून मी उत्तर स्वयंपाकघरात शोधलं, मग गोठ्यात, मग शेतात. दर गणपतीत ती विचारायची, "हरलास का?" मी मान हलवायचो.

हा लेख लिहिताना, शक्ती-तुऱ्याच्या भागाशी अडलो असताना, ते सुटलं. रात्रीच फोन केला. पुतण्याने फोन तिच्या कानाशी धरला आणि मी ओरडून उत्तर सांगितलं. पलीकडे बराच वेळ काहीच ऐकू येईना. मग म्हणाली, "बरोबर. आता ते तुझं झालं. घाल कुणाला तरी."

संपादकांनी विचारलं, उत्तर शेवटच्या पानावर उलटं छापायचं का? मी नको म्हटलं. उत्तर या लेखाच्या पोटात आहे, बाहेरून काही आणलेलं नाही. तेव्हा घालतो:

देते तुला, राहतं मला;
गाठ आहे, दोरा नाही;
सुटलं की मेलं,
शेजारच्या घरी पुन्हा जन्माला आलं.

नाहीच सुटलं तर अंकाच्या पत्त्यावर कार्ड टाका. त्यावर 'माहीत नाही' चालणार नाही.